सॅफोच्या वीणेपासून देवळाच्या गायनमंडळापर्यंत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्या गायनमंडळानें आज सकाळीं महामिस्सेच्या वेळीं आपणां सर्वांस इतका आनंद दिला, त्या मंडळांतील मुलें गायन शिकूं लागतात तेव्हां प्रथम दो, रे, मी, फा, सोल, ला हे स्वर घोटतात. हे शब्द आले तरी कोठून, असें त्यांच्यापैकीं कोणी विचारिलें, तर उत्तरासाठीं आपणांस सुमारें हजार वर्षें मागें इटलींतील एका संन्याशाच्या पाठशाळेंत जावें लागेल. तेथून आणखी हजार वर्षें मागें रोम नगरांत. आणि तेथून जवळजवळ सहाशें वर्षें मागें एजियन समुद्रांतील एका बेटावर. आज आपण हाच प्रवास, पण उलट दिशेनें, म्हणजे बेटापासून देवळापर्यंत, करणार आहों. ग्रीस व रोम येथील प्राचीन भावकाव्य हा आमच्या व्याख्यानाचा विषय आहे. देवळाच्या महोत्सवांत मूर्तिपूजक कवींचें काय प्रयोजन, अशी शंका कित्येकांच्या मनांत येईल. ती शंका नवी नाहीं. संत जेरोम यांच्याहि मनांत ती आली होती, व तिचा विचार आपण योग्य ठिकाणीं करूं.

युरोपीय भाषांत भावकाव्याला जें नांव आहे, तें लीरा या ग्रीक वाद्यावरून पडलेलें आहे. कांसवाच्या पाठीवर कातडें ताणून व आंतड्याच्या तारा बांधून हें वाद्य करीत, आणि त्याच्या साथीवर जें गावयाचें तें लीरेचें काव्य. होमरच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या महाकाव्यांत राजे, योद्धे व देवता बोलतात. कवि स्वतः क्वचितच पुढें येतो. लीरेवर गाणारा कवि बहुधा आपल्याच मनाचें बोलतो: आपलें प्रेम, आपला वियोग, आपलें नगर, आपली प्रार्थना. आपल्या भाषेंत जनाबाईचा अभंग आणि एखादें पंडिती आख्यानकाव्य यांत जो भेद आहे, तसाच हा भेद समजावा.

या काव्याचे दोन प्रकार होते. एक पुष्कळांनीं मिळून, नाचत नाचत गावयाचा. त्या प्रकारांतील श्रेष्ठ कवि पिंडर. ऑलिंपिया वगैरे चार ठिकाणच्या क्रीडामहोत्सवांत विजयी झालेल्यांच्या गौरवार्थ त्यानें रचिलेल्या गीतांचे चार ग्रंथ आजहि उपलब्ध आहेत. दुसरा प्रकार एकट्यानें गावयाचा. त्यांत लेस्बॉस बेटावरील दोन नांवें अग्रगण्य आहेत, अल्कैऑस आणि सॅफो. हीं दोघें समकालीन असून त्यांचा काळ ख्रि. पू. ६०० च्या आसपासचा. पुढें अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनीं ग्रीक भावकवींची नऊ नांवांची जी मालिका ठरविली, तींत स्त्री एकच आहे, आणि ती सॅफो.

सॅफोनें देवतेची आळवणी केली. दूर गेलेल्या सख्यांविषयींचा उत्कट स्नेह व वियोग गायिला. केंस पांढरे झाले व एके काळीं हरिणासारखे नाचणारे गुडघे आतां भार सोसीनासे झाले, हें म्हातारपणाचें दुःखहि तिनें गाण्यांत आणिलें. परंतु आपणांस विशेष जवळचीं वाटावीं अशीं तिचीं गाणीं म्हणजे लग्नाचीं गाणीं. नवरीचें कौतुक, नवर्‍यामुलाची स्तुति, आणि नवरीच्या खोलीच्या दाराशीं पहारा करणार्‍या मित्राचे पाय केवढे राक्षसी म्हणून त्याची थट्टा, असें सर्व त्यांत होतें. ज्यानें आपल्याकडील लग्नघरांत रात्रीं बायकांचीं गाणीं ऐकिलीं आहेत, त्याला या थट्टेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

आतां या काव्याचें पुढें काय झालें तें पाहा. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयांत सॅफोचे आठ किंवा नऊ ग्रंथ होते. त्या सर्वांतून एकच कविता आज आपल्या हातीं अखंड आहे, आणि तीहि डायोनिसियस नांवाच्या एका अलंकारशास्त्रज्ञानें उत्तम रचनेचा नमुना म्हणून आपल्या ग्रंथांत उतरून घेतली एवढ्यामुळें. दुसर्‍या एका कवितेचा बराच भाग अशाच रीतीनें एका साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतून वांचला. बाकी सारे तुकडे. इ. स. १८९६-९७ च्या हिंवाळ्यांत ग्रेनफेल व हंट या दोन इंग्रज विद्वानांनीं मिसर देशांतील ऑक्सिरिंकस गांवचे प्राचीन उकिरडे खणण्यास आरंभ केला, आणि त्या उकिरड्यांतील पपायरसाच्या चिटोर्‍यांवर सॅफोच्या ओळी सांपडूं लागल्या. म्हातारपणाविषयींची जी कविता आम्हीं वर सांगितली, तिचे कांहीं शब्द अशाच एका चिटोर्‍यावर होते, इ. स. २००४ मध्यें जर्मनींतील कोलोन येथील एक पपायरस प्रसिद्ध झाला, तेव्हां कोठें ती जवळजवळ पूर्ण झाली. जिचें नांव सार्‍या ग्रीसच्या तोंडीं होतें, तिचें काव्य कचर्‍यांतून वेंचून काढावें लागलें.

हें असें कां झालें? ख्रिस्तसभेनें तिचे ग्रंथ जाळिले, अशी एक कथा युरोपांत सांगतात, आणि कोणी कोणी तो दोष पोप सातवे ग्रेगरी यांच्या माथीं मारितात. या कथेला त्या काळचा पुरावा नाहीं. ती सांगणारे कित्येक शतकांनंतरचे आहेत. तथापि आपल्या बाजूनेंहि सत्य झांकूं नये. दुसर्‍या शतकांतील तातियान या ख्रिस्ती लेखकानें सॅफोची कठोर निंदा केली आहे, आणि तिच्याविषयीं आपल्या लोकांत फारसा आदर नव्हता हें खरें. परंतु तिच्या काव्याचा घात झाला तो अधिक साध्या कारणांनीं. ती लेस्बॉसच्या इओलियन बोलींत लिहीत असे. पुढील काळच्या पाठशाळांत अथेन्सच्या भाषेला मान होता, व ही बोली मुलांस कठीण वाटूं लागली. पपायरसाच्या गुंडाळ्या जाऊन चामड्याच्या पानांचे ग्रंथ आले, तेव्हां जुन्या गुंडाळीवरून नव्या पानावर जें कोणी उतरून घेतलें तें राहिलें, आणि जें उतरून घेतलें नाहीं तें किड्यांच्या व ओलीच्या स्वाधीन झालें. गाणें मारावयास शत्रूच लागतो असें नाहीं. नकल करणारा हात थांबला कीं पुरे.

तिचे ग्रंथ गेले, पण तिच्या नांवाचें वृत्त मात्र राहिलें. हें वृत्त चार चरणांचें. पहिले तीन चरण अकरा अकरा अक्षरांचे व शेवटचा पांच अक्षरांचा. लांब श्वासाचे तीन चरण झाल्यावर चौथा आंखूड चरण येतो आणि गाणें जणूं उंबरठ्यावर थबकतें. ग्रीक व लॅटिन वृत्तें आपल्या अक्षरगणवृत्तांप्रमाणेंच लघु-गुरूंच्या नियमानें चालतात, म्हणून मराठी मनुष्यास त्यांची रीत चटकन कळते. आपल्यापैकीं ज्यांना शाळेंत शिकलेलें इंद्रवज्रा वृत्त आठवत असेल, त्यांनीं त्याचे गण मनांत म्हणावे: त, त, ज, ग, ग. अकरा अक्षरें. या अकरांतील दुसरें अक्षर लघु व तिसरें गुरु करा, बाकीचीं नऊ जशींच्या तशीं ठेवा; लॅटिन कवि होरेस यानें सॅफोच्या वृत्तांतील लांब चरण जसा योजिला, तसा तो आपल्या हातीं आला! हा निव्वळ योगायोग नसावा, असें कित्येक भाषापंडितांचें मत आहे. फ्रेंच पंडित आंत्वान मेये यांनीं इ. स. १९२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ग्रीक भावकाव्याचीं वृत्तें आणि वेदांतील छंद यांचें मूळ एकच असावें असें प्रतिपादिलें. आपल्या इंद्रवज्रेची पूर्वज जी वेदांतील त्रिष्टुभ्, तीहि अकरा अक्षरांची आहे.

आतां रोमकडे वळूं. वेरोना येथील कातुल्लुस या कवीनें सॅफोची एक कविता तिच्याच वृत्तांत लॅटिनमध्यें उतरविली. या कातुल्लुसाचें जवळजवळ सारें काव्यहि केवळ एका हस्तलिखिताच्या धाग्यावर लोंबकळत होतें, इ. स. १३०० च्या सुमारास तें वेरोना येथें उजेडांत आलें, त्याच्या नकला झाल्या, आणि मग मूळ प्रत नाहींशी झाली. परंतु ग्रीक लीरेस खर्‍या अर्थानें लॅटिन वाणी दिली ती होरेसनें. ख्रि. पू. ६५ मध्यें दक्षिण इटलींतील वेनुसिया येथें तो जन्मला. त्याचा बाप गुलामगिरींतून मुक्त झालेला होता. त्या बापानें पोटाला चिमटा घेऊन मुलास शिक्षणासाठीं रोमला नेलें, आणि या उपकाराची आठवण होरेसनें मोठ्या अभिमानानें लिहून ठेविली आहे. ख्रि. पू. ४२ मध्यें फिलिप्पी येथें जें युद्ध झालें, त्यांत तो पराभूत पक्षाकडून लढला. हें तेंच फिलिप्पी, कीं जेथील श्रद्धावंतांना पुढें संत पौलानें आपलें अत्यंत प्रेमळ पत्र लिहिलें.

ख्रि. पू. २३ मध्यें होरेसनें आपल्या गीतांचे तीन ग्रंथ प्रसिद्ध केले, व पुढें चौथा. या गीतांना 'ओड' म्हणतात. एकंदर १०३ गीतांपैकीं ३७ अल्कैऑसच्या वृत्तांत व २५ सॅफोच्या वृत्तांत आहेत. आयुष्य थोडें आहे, संपत्ति सोबत येत नाहीं, सुखांत मातूं नये व दुःखांत खचूं नये, ही त्याची शिकवण. ती ख्रिस्ती शिकवण नव्हे. मृत्यूपलीकडची आशा तिच्यांत नाहीं. पण मनुष्याच्या मर्यादा त्यानें इतक्या निर्मळ शब्दांत सांगितल्या आहेत कीं, आशेचा उपदेश करणार्‍यानेंहि त्या वाचाव्या.

होरेसचें एक गीत मुद्दाम मुलामुलींच्या गायनासाठींच लिहिलेलें आहे. ख्रि. पू. १७ मध्यें ऑगस्टस बादशहानें रोम येथें मोठा शतकोत्सव केला, तेव्हां २७ मुलगे व २७ मुली यांनीं तें प्रथम पॅलेटाइन टेकडीवर व मग कॅपिटोल टेकडीवर गायिलें. ज्यांचे आईबाप दोघेहि हयात आहेत अशींच मुलें निवडलीं होतीं. या उत्सवाच्या वृत्तांताचा शिलालेख इ. स. १८९० मध्यें टायबर नदीच्या कांठीं सांपडला, आणि त्यांत गीतकर्ता म्हणून होरेसचें नांव कोरलेलें आहे. तें गीतहि सॅफोच्याच वृत्तांत आहे. लेस्बॉसवर एकटीनें गावयाचें जें वृत्त, तें रोममध्यें एका समाजाच्या उत्सवाचें वृत्त झालें.

आपल्या तिसर्‍या ग्रंथाच्या शेवटीं होरेसनें एक भविष्य केलें आहे. आपलें काव्य ब्राँझच्या स्मारकाहून टिकाऊ ठरेल, आणि रोमचा मुख्य पुरोहित मौनव्रती व्हेस्टाकुमारीसह कॅपिटोल चढत राहील तोंपर्यंत आपली कीर्ति वाढत जाईल, असा त्याचा आशय. याहून चिरकालिक असें त्याला कांहीं कल्पवेना. इ. स. च्या चौथ्या शतकाच्या अखेरीस व्हेस्टेचा अग्नि विझला, व तो पुरोहित कॅपिटोल चढावयाचा थांबला. आज त्याच टेकडीच्या माथ्यावर पवित्र कुमारी मरियेचें आराचेली नांवाचें देऊळ उभें आहे. तरी होरेस वाचला जातोच. कारण त्याच्या देवांचे पुरोहित गेले, तेव्हां दुसर्‍याच धर्माच्या संन्याशांनीं त्याचे ग्रंथ आपल्या मठांत उतरून घेतले. होरेसचीं आज उपलब्ध असलेलीं सर्वांत जुनीं हस्तलिखितें नवव्या शतकांतील आहेत.

येथें संत जेरोम यांची शंका विचारांत घेतली पाहिजे. इ. स. ३८४ मध्यें युस्तोखियम नांवाच्या व्रतस्थ कुमारीस लिहिलेल्या पत्रांत, स्तोत्रसंहितेजवळ होरेसचें काय काम, असा रोखठोक प्रश्न ते करितात. आणि आपणांस पडलेलें एक स्वप्न सांगतात, त्यांत परमेश्वराच्या न्यायासनापुढें त्यांना 'तूं ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरोचा आहेस' अशा अर्थाचा ठपका मिळाला. परंतु याच जेरोमनीं पुढें पौलिनुस यास लिहिलेल्या पत्रांत दाविदाचें वर्णन करितांना, हा आमचा सिमोनिडीस, आमचा पिंडर, आमचा अल्कैऑस आणि होरेससुद्धां, अशा अर्थाचे उद्गार काढिले आहेत. यांत ढोंग नाहीं. ज्याच्या कानांत ते कवि भरलेले आहेत, तोच दाविदाची थोरवी त्या मापानें मोजूं शकतो. शंका त्यांची खरी होती, प्रेमहि खरें होतें, आणि दोहोंचा मेळ बसविण्याचें काम कवींवर येऊन पडलें.

तें काम करणार्‍यांत प्रुदेंतियुस याचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. तो इ. स. ३४८ मध्यें स्पेन देशांत जन्मला, मोठ्या सरकारी हुद्यांवर चढला, आणि उतारवयांत त्यानें आपली वाणी देवाला वाहिली. सारागोसा नगराच्या अठरा रक्तसाक्षींचें स्तोत्र त्यानें सॅफोच्या वृत्तांत रचिलें. मिलानमध्यें संत अँब्रोज यांनीं दुसरें, अधिक सोपें, आठ अक्षरांच्या चरणांचें वृत्त घेतलें. इ. स. ३८६ मध्यें सम्राटाच्या दरबारानें देऊळ हिसकावूं पाहिलें, तेव्हां लोक रात्रंदिवस देवळांत पहारा करीत राहिले, आणि दुःखानें त्यांनीं खचूं नये म्हणून तेथें स्तोत्रें व गीतें गाण्याची रीत सुरू झाली. त्या पहार्‍यांत संत मोनिकाहि होती, असें तिच्या पुत्रानें, संत ऑगस्टीननें, नमूद केलें आहे. गायन हा देवळाचा शृंगार आहे असें आपण समजतों. त्या रात्रीं तें देवळाची भिंत होतें.

यानंतर आपल्या गायनमंडळाच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. २४ जून रोजीं संत योहान बाप्तिस्ता याच्या जन्माचा सण येतो. त्या दिवसासाठीं एक लॅटिन स्तोत्र आहे. तें आठव्या शतकांतील, मोंते कासिनो मठांतील पौल दीकन याचें, असें परंपरा सांगते. योहानाच्या जन्मापूर्वीं त्याच्या बापाची वाचा बंद झाली होती व पुढें ती मोकळी झाली, हें आपणांस शुभवर्तमानावरून ठाऊक आहे. म्हणून गाणार्‍यांच्या ओठांवरील दोष दूर होऊन त्यांना मोकळ्या कंठानें गातां यावें, अशी या स्तोत्राच्या पहिल्या कडव्यांत प्रार्थना आहे. वृत्त अर्थात् सॅफोचें. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांत अरेझो येथील गुइदो नांवाचा संन्यासी मुलांस गायन शिकवीत असे. नवीन चाल ऐकल्यावांचून कागदावरून कशी म्हणावी, हें मुलांस वर्षानुवर्षें साधत नसे. गुइदोच्या ध्यानांत आलें कीं, या कडव्याच्या तीन लांब चरणांचे दोन दोन खंड केले तर सहा खंड होतात, आणि स्तोत्राच्या चालींत प्रत्येक खंड मागील खंडाहून एक स्वर वर सुरू होतो. त्यानें त्या सहा खंडांचीं पहिलीं अक्षरें, उत्, रे, मी, फा, सोल, ला, हीं त्या स्वरांचीं नांवें म्हणून मुलांस पाठ करविलीं. सातव्या स्वराचें 'सी' हें नांव पुढें आंखूड चौथ्या चरणांतील संत योहानाच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून पडलें, आणि सतराव्या शतकांत 'उत्' च्या जागीं गाण्यास सोपें असें 'दो' आलें.

फ्रान्समधील माँपेलिये येथें अकराव्या शतकांतील एक हस्तलिखित आहे. त्यांत होरेसच्या एका ओडवर गायनाच्या खुणा केलेल्या आहेत, आणि ती चाल याच योहानाच्या स्तोत्राची आहे. वृत्त एक म्हणून चालहि एक. मूर्तिपूजक कवीचें मेजवानीचें गीत आणि संताचें स्तोत्र एकाच सुरावर म्हणणारा तो अज्ञात संन्यासी आमच्या डोळ्यांपुढें नेहमीं उभा राहतो. त्याला त्यांत विरोध दिसला नसावा.

मात्र या प्रेमाचाहि अतिरेक होऊं शकतो, हेंहि सांगितलें पाहिजे. पोप आठवे उर्बान हे स्वतः लॅटिन कवि होते. प्रार्थनाग्रंथांतील जुनीं स्तोत्रें होरेसच्या व्याकरणाच्या व वृत्ताच्या कसोटीस उतरत नाहींत, म्हणून त्यांनीं चार येशूसंघीय विद्वानांकडून त्यांची दुरुस्ती करविली, आणि इ. स. १६३२ मध्यें तीं सुधारलेलीं स्तोत्रें प्रसिद्ध झालीं. लॅटिन आली पण भक्ति गेली, अशी त्यावर लोकांनीं कुजबूज केली. ती कुजबूज अगदींच निराधार नव्हती, कारण दुसर्‍या व्हॅटिकन परिषदेनंतर इ. स. १९७१ मध्यें जो नवा लॅटिन प्रार्थनाग्रंथ निघाला, त्यांत पुष्कळ ठिकाणीं जुने पाठ परत घेतले गेले. वृत्त हें भांडें आहे. भांड्याची कल्हई करावी, पण कल्हईपायीं आंतील दूध सांडूं नये.

युरोपांतील देशभाषांत हें काव्य कसें पसरलें, त्याची सर्व हकीकत सांगण्यास एक रात्र पुरणार नाहीं. दान्तेनें आपल्या महाकाव्यांत होरेसला थोर कवींच्या पंक्तीस बसविलें. स्पेनमध्यें फ्राय लुइस दे लेओन या ऑगस्टीनियन संन्याशानें होरेसचीं गीतें स्पॅनिशमध्यें उतरविलीं व त्याच वळणावर शांत जीवनाचीं, तारकांचीं व संगीताचीं अजरामर भक्तिगीतें लिहिलीं. पवित्र शास्त्रांतील 'गीतरत्न' त्यानें देशभाषेंत आणिलें, हा त्याच्यावरील आरोपांपैकीं एक होता, व त्यापायीं इ. स. १५७२ पासून जवळजवळ पांच वर्षें तो तुरुंगांत राहिला. या घराण्यांतील एक ओड आपल्या अगदीं दाराशीं येऊन पोंचली. इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत गार्सिया द ओर्त या वैद्यानें भारतांतील औषधी वनस्पतींवरील आपला पोर्तुगीज ग्रंथ छापिला. मुंबई बेटाचा पट्टा ज्याच्याकडे होता तोच हा वैद्य. त्या ग्रंथाच्या आरंभीं त्याच्या शिफारसीसाठीं व्हाइसरॉयला उद्देशून एक ओड घातलेली आहे, आणि ती रचणारा कवि लुईश द कामोंइश. पोर्तुगालच्या या महाकवीची छापून निघालेली ही पहिली कविता, व ती निघाली गोव्याच्या छापखान्यांतून.

पण मराठी भाषेंत जें घडलें तें याहून निराळें, आणि आमच्या मतें याहून थोर. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले. इंग्लंडांत व रोममध्यें शिकलेल्या या मनुष्याला लॅटिन वृत्तें अपरिचित असणें शक्यच नव्हतें. तरीहि तारणाराची कथा मराठींत सांगावयाची वेळ आली, तेव्हां त्यांनीं सॅफोचें वृत्त आणिलें नाहीं, होरेसचें आणिलें नाहीं. ज्या ओवींत ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ सांगितला, ती ओवी घेतली. इ. स. १६१६ मध्यें राशोल येथें छापलेल्या ख्रिस्तपुराणांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. होरेसनें परक्यांचें वृत्त आपल्या भाषेंत आणिलें, प्रुदेंतियुसनें मूर्तिपूजकांचें वृत्त ख्रिस्ताला दिलें, आणि स्टीफन्सनें स्वतः परका असून या देशाचें वृत्त शिरीं धरिलें. तिघांनाहि एकच गोष्ट कळली होती: लोकांच्या ओठांवर जें माप आधींच बसलेलें आहे, त्याच मापानें त्यांच्या हृदयांत जें ओतावयाचें तें ओतावें.

बंधुभगिनींनो, या सर्वांचा आपल्या धर्मग्रामाशीं काय संबंध, हें सांगून आम्ही आटोपतें घेतों. इ. स. १९६३ मध्यें दुसर्‍या व्हॅटिकन परिषदेनें उपासनाविधीविषयींचें जें घोषणापत्र काढिलें, त्यांत लॅटिन गायनाचा मान राखण्यास सांगितलें आहे, आणि मिशन देशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य तें स्थान देण्यासहि सांगितलें आहे. यांपैकीं पहिली गोष्ट आपल्या हातून फारशी राहिली नाहीं. आमच्या गायनमंडळांतील मुलांना एखादें लॅटिन स्तोत्र यावें, निदान २४ जूनला योहानाचें स्तोत्र यावें, अशी आमची फार इच्छा आहे, आणि शिकवावयास आम्ही तयार आहों. परंतु दुसरी गोष्ट अधिक तांतडीची आहे.

आपल्या घरोघरीं ज्या म्हातार्‍या आया व आज्या आहेत, त्यांच्या तोंडीं लग्नाचीं गाणीं आहेत, पाळणे आहेत, दळतांना म्हणावयाच्या ओव्या आहेत, उपवासकाळांत म्हणावयाचीं दुःखसहनाचीं गाणीं आहेत. तीं आपल्या गांवच्या बोलींत आहेत. शाळेंत ती बोली चालत नाहीं, व मुलें ती बोलावयास लाजतात. सॅफोच्या इओलियन बोलीचें असेंच झालें होतें. जातें घरांतून गेलें, त्याबरोबर जात्यावरची ओवी गेली. लग्नांत आतां वाजंत्री व ध्वनिक्षेपक इतके गरजतात कीं, म्हातारीनें गाणें धरिलें तरी तें कोणास ऐकूं जात नाहीं. कोणी त्या गाण्यांचा द्वेष करीत नाहीं. कोणी तीं जाळिलीं नाहींत. फक्त तीं कोणी उतरून घेत नाहीं. मागील दहा वर्षांत या धर्मग्रामांतील किती वृद्ध स्त्रियांस आम्हीं मूठमाती दिली, तें मरणनोंदींच्या पुस्तकांत लिहिलेलें आहे. त्यांच्याबरोबर कोणतीं गाणीं मातींत गेलीं, तें कोणत्याच पुस्तकांत लिहिलेलें नाहीं.

म्हणून महोत्सवाच्या या वर्षीं आम्ही तरुणमंडळींस एकच काम सांगतों. प्रत्येक वाडींतून दोघादोघांनीं एकेक वही करावी. रविवारीं दुपारीं म्हातार्‍यांच्या ओसरीवर जाऊन बसावें, आणि त्या जें म्हणतील तें जसेंच्या तसें, त्यांच्याच बोलींत, एक शब्द न सुधारतां लिहून घ्यावें. खिशांतील यंत्रावर आवाजहि धरून ठेवावा, म्हणजे चाल राहील. व्याकरण दुरुस्त करूं नये. पोप उर्बान यांच्या विद्वानांची गोष्ट ध्यानांत ठेवावी. एखाद्या गाण्यांत देवाधर्माचा उल्लेख नसला, नुसती व्याह्याची थट्टा असली, तरी तें वगळूं नये. ज्या संन्याशानें होरेसचें मेजवानीचें गीत जपून ठेविलें, त्यानें तसें केलें नाहीं. त्या वह्या धर्मग्रामाच्या कपाटांत, बाप्तिस्म्याच्या पुस्तकांच्या शेजारीं राहतील. आपल्यांतून पुढें कोणी प्रुदेंतियुस किंवा स्टीफन्स निपजला, तर त्याला आपल्या लोकांचें माप कोठें शोधावें, असा प्रश्न पडूं नये.

ज्या प्रभूनें जखर्‍याची जीभ मोकळी केली, तो आपल्या वृद्ध मातांच्या जिभा मोकळ्या करो, आपल्या मुलांचे कान उघडे ठेवो, आणि या धर्मग्रामाचें गायन पुढील पन्नास वर्षें व त्यानंतरहि अखंड चालूं ठेवो.